श्रीपूरची थंडी, पसरणीचा घाट

नाताळच्या सुट्टीत पसरणी घाट गाड्यांनी तुंबतो, ही बातमी आता दरवर्षी छापून येते. गेल्या डिसेंबरात त्या रांगेत आम्हीही होतो. वाईतून सकाळी निघालो आणि पाचगणीच्या अलीकडेच दुपार झाली. पुढच्या गाडीतून वेफर्सची रिकामी पाकिटे दरीत पडत होती, मागच्या गाडीत कर्णा लावलेला होता, आणि आमची मुले मोबाइलवर वेण्णा तळ्याचे व्हिडिओ बघत बसली होती. तळे तिथून फार लांब नव्हते. पाचगणीहूनच आम्ही गाडी वळवली. खाली उतरताना मुलगा म्हणाला, "आई, तुम्ही लोक इथं एवढं काय बघायला यायचात?" ते मला लागले. उत्तर द्यायचे तर चाळीस वर्षे मागे जायला हवे, आणि तेही महाबळेश्वरात नाही, माळशिरस तालुक्यातल्या श्रीपुरात.

श्रीपूर हे साखर कारखान्याचे गाव. भाटघरच्या धरणाचे पाणी नीरेच्या उजव्या कालव्याने या माळावर आले, तेव्हा सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी शेजारी माळीनगर उभे केले, आणि चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली काढलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना श्रीपुरात आला. पुढे त्या साखर कारखान्याचा श्री पांडुरंग सहकारी झाला. या इतिहासावर स्मरणिका निघाल्या आहेत, भाषणे झाली आहेत; मला त्यात फारसे रमायचे नाही. साठ आणि सत्तरची दशके मी वडिलांच्या तोंडून ऐकली, आणि त्यांत बहुतेक पगारवाढ आणि बाहत्तरचा दुष्काळ एवढेच होते. माझे दशक ऐंशीचे. आमची थंडी त्या दशकात होती.

कॅलेंडर काहीही सांगो, श्रीपुरात थंडी गव्हाणीत मोळी पडली की सुरू व्हायची. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बॉयलर पेटायचा, भोंगा पुन्हा तीन पाळ्यांना वाजू लागायचा, आणि वर्षभर ओस पडलेला माळ एका रात्रीत भरून जायचा. बीड, आष्टी, पाथर्डीकडची ऊसतोड माणसे उतरायची. पाचटाच्या आणि बांबूच्या कोप्या उभ्या राहायच्या. पहाटे टायरगाड्यांच्या बैलांच्या घुंगरांनी आम्हाला जाग यायची, आणि खिडकी उघडली की गरम रसाचा आणि मळीचा एकत्र वास आत शिरायचा. बाहेरच्या माणसाला तो वास सहन होत नाही. आम्हाला तो सणाचा वास वाटायचा, कारण त्याच्या मागोमाग सगळे यायचे: चंपाषष्ठी, मार्गशीर्षातले गुरुवार, हुरडा, सहल, भोगी, संक्रांत.

हंगामात कारखाना थांबत नाही, त्यामुळे रजा मिळणे कठीण. म्हणून आमचे सगळे सण पाळीच्या वेळा बघून ठरत. पहिली पाळी सुटलेली माणसे दुपारी येणार, रात्रपाळीची सकाळी झोपून उठणार, आणि मध्ये जो चार-पाच तासांचा तुकडा सापडेल त्यात हळदीकुंकू, त्यातच आरती, त्यातच जेवण. कुणाच्या घरचा बाप्या कोणत्या पाळीला आहे हे आमच्या कामगार चाळीतल्या प्रत्येक बाईला पाठ असे. सण एका घरचा नसायचाच. तो ज्या वेळी जमेल त्या वेळी सगळ्यांचा असायचा.

हुरड्याला आम्ही भीमा ओलांडून माढ्याच्या बाजूला जायचो. आमच्याकडे कालव्यामुळे नजर जाईल तिकडे ऊस, आणि पलीकडे काळ्या कोरडवाहू रानात शाळू. वडिलांबरोबर कामाला असलेल्या एका काकांची तिकडे जमीन होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पाचट अंथरून त्यावर सतरंजी टाकायची, बायका मधे, पोरे कडेला. पोचेपर्यंत काकांच्या भावाने खड्डा काढून शेण्यांची आगटी धरवलेली असायची. ज्वारी दोन असायच्या: पिकून भाकरीला जाणारी मालदांडी, जी मोहोळच्या संशोधन केंद्रातून घरोघर पोचली, आणि कडेच्या चार ओळी गूळभेंडीच्या, फक्त हुरड्यासाठी पेरलेल्या. दाणा दुधाळ राहून चालत नाही, निबर होऊनही नाही. मधले आठ-दहा दिवस सापडावे लागतात. कणीस आगटीच्या राखेत खुपसायचे, फिरवायचे, आणि हाताला चटका बसत असतानाच चोळायचे. गार झाले की दाणा सुटत नाही. काकांच्या आईचे तळवे इतके घट्टे पडलेले की त्या जळते कणीस सहज धरायच्या, दोन फेऱ्यांत चोळायच्या, सुपात फुंकर मारून कूस उडवायच्या आणि हिरवा, ओलसर, वाफाळता दाणा आमच्या ओंजळीत टाकायच्या. बरोबर शेंगादाण्याची लाल चटणी, मडक्यातले दही, गूळ, बोरे, हरभऱ्याचे डहाळे. पोट भरले की त्या म्हणायच्या, "आणखी एक कणीस घ्या गं, रान काय रोज बोलावतंय?"

कुणी पैसे दिल्याचे मला आठवत नाही. जाताना आई साखरेची पुडी आणि मुलांचे जुने स्वेटर न्यायची. येताना काकांच्या आई शाळूची धाटे आणि बोरांची पिशवी द्यायच्या. पुढे काकांच्या घरी लग्न निघाले तेव्हा चाळीतल्या बायका आठवडाभर तिकडे राबायला होत्या. हुरडा त्या देण्याघेण्यातला एक दिवस होता.

मग उजनी आली. धरण १९८० साली पुरे झाले आणि त्या दशकात कालव्यांचे, नदीचे पाणी माढ्याकडे फिरू लागले. पाणी आले म्हटल्यावर शेतकऱ्याने ऊस लावला, आणि त्याला कोण बोल लावणार? दोन पिढ्या खडी फोडायला गेलेली माणसे होती ती. पण शाळू मागे सरकत गेला. काकांच्या रानात आधी अर्ध्या भागात ऊस आला, मग सगळ्यात. गूळभेंडीच्या चार ओळी शेवटी गेल्या. ज्या उसावर आमची चूल पेटायची त्यानेच आमची आगटी विझवली, हे मी तेव्हाही पाहत होते आणि मला आजही त्याचे वाईट वाटते. आता त्याच पट्ट्यात रस्त्याकडेला 'हुरडा पार्टी, अमर्यादित' असे फलक लागतात. तिकीट, मनगटाला कागदी पट्टा, झोपाळा, उंटाची फेरी, गाणी. कणसे कुठून तरी पोत्यात येतात. चोळणाऱ्या बाईचे नाव कुणी विचारत नाही, आणि तिलाही आपले विचारायला वेळ नसतो.

पाण्याआधी एक घाव दूरदर्शननेही घातला. जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ रविवारी सकाळी 'रामायण' लागायचे. हुरड्याचा दिवस रविवारच. "मालिका झाली की निघू" म्हणता म्हणता ऊन वर यायचे, ट्रॉली उभी राहायची, पलीकडची आगटी वाट बघून निवायची. मला देवाधर्माचे वावडे नाही, पण चाळीतली एकत्र निघण्याची सवय त्या दीड वर्षात मोडली ती पुन्हा बसली नाही.

आता डोंगराकडे येते. शाळेची सहल डिसेंबरात निघायची आणि ती बहुधा वाई-महाबळेश्वर-प्रतापगड. अकलूज आगाराची लाल गाडी 'प्रासंगिक करारा'वर घेतलेली. पहिल्या वर्षी आम्हा मुलींना पाठवायचे नाही असे चाळीतल्या वडीलधाऱ्यांनी ठरवून टाकले. मुक्कामाची सहल, मुलींचे काम नाही म्हणाले. त्याऐवजी आम्हाला नीरा-नरसिंहपूरच्या संगमावर नेले आणि संध्याकाळच्या आत घरी आणले. नरसिंहपूर सुंदर आहे, पण ते बक्षीस म्हणून दिले नव्हते, समजूत म्हणून दिले होते. मुले परत आली आणि स्ट्रॉबेरी दाखवून आम्हाला चिडवत फिरली. त्या वडीलधाऱ्यांपैकी आज कुणी हयात नाही, तरी मी त्यांना माफ केलेले नाही. पुढच्या वर्षी माझी आई आणि दोन काकू "आम्ही बरोबर जातो, मग तर झालं?" म्हणून उभ्या राहिल्या, आणि त्या तिघींमुळे आम्ही घाट पाहिला.

रात्री निघायचे. धपाटे, दशम्या, चटणीचे डबे. माळशिरस, नातेपुते, फलटण, लोणंद. तोपर्यंत देश सपाट, सगळे ओळखीचे. वाईला उजाडताना ढोल्या गणपतीच्या घाटावर कृष्णेचे पाणी अंगावर घेतले की सगळ्यांचे दात वाजायचे. मग पसरणी. आमच्यापैकी कुणी वळणावळणाचा रस्ता पाहिलेला नव्हता. गाडी वळली की सगळी पोरे एका अंगाला. वर पाचगणीचे टेबललँड, आणि त्यापुढे झाडी. सोलापूर जिल्ह्यातल्या मुलाला जंगल म्हणजे काय ते एकदम कळत नाही. आमच्याकडे झाड असते ते एकेकटे, बांधावर, विहिरीपाशी. इथे ऊन जमिनीपर्यंत पोचतच नव्हते. क्षेत्र महाबळेश्वरात पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री, सावित्री या पाच नद्यांची धार दाखवली, तेव्हा आमच्या सरांनी सांगितले की आपली भीमा खाली जाऊन या कृष्णेलाच मिळते. तेवढ्या एका वाक्याने तो परका डोंगर आमचा झाला.

आम्ही उतरलो होतो ते कुणा ओळखीच्यांच्या ओळखीने, एका शेतकऱ्याच्या पडवीत. लहानशी वाडी होती, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांना लागून. घरच्या मावशींनी चुलीवर पाणी तापवून दिले, आणि पहाटे उठवून आम्हाला वाफ्यावर नेले. पानांच्या कडांना पांढरी साय धरल्यासारखे काहीतरी होते. वेण्णेच्या काठी आणि लिंगमळ्याच्या बाजूला कडाक्याच्या थंडीत दव गोठते, ते आम्ही पेपरात वाचले होते. हात लावला तर बोटाखाली किरकिर करून विरघळले. माझ्या आईने कौतुक केले तशा मावशी म्हणाल्या, "तुम्हाला गंमत, आमचं पीक जळतंय." रात्र-रात्र जागून त्या वाफे झाकत होत्या. थंडीची किंमत असते आणि ती डोंगरात राहणारा माणूस मोजतो, हे मला तिथे कळले. आमच्याकडे ती कोपीत राहणारा माणूस मोजायचा: पाचटाच्या भिंती, ओला ऊस, आणि पहाटे तीनला फडात उतरलेली बाई. आमची सहलीची गाडी सुटायची तेव्हा त्या कोप्यांतली आमच्याच वयाची मुले रस्त्याकडेला उभी राहून हात हलवायची. त्यांना शाळा नव्हती, तर सहल कुठली? साखरशाळा पुष्कळ नंतर आल्या, आणि त्याही सगळ्यांपर्यंत पोचल्या नाहीत.

संक्रांतीपर्यंत आम्ही त्या सहलीवर बोलत असू. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि पावट्या-गाजरा-वांग्याची भाजी, दुसऱ्या दिवशी सुगडे घेऊन बायका पंढरपूरला रुक्मिणीला ववसायला जात. वडील एखाद्या वर्षी सोलापूरला सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर नेत. बाराबंदी घातलेल्या माणसांच्या खांद्यावरचे नंदीध्वज, अक्षता सोहळा, किंक्रांतीचे दारूकाम. सोलापूरकर अजून ते जपून आहेत, त्यांना माझा मुजरा. आमच्या चाळीतले मात्र नव्वदीत पांगले. मुले पुण्याला गेली, मीही गेले. नव्वदनंतरच्या हिवाळ्यांबद्दल सांगण्यासारखे माझ्याकडे जवळजवळ काही नाही. ते रजेच्या अर्जांत आणि हॉटेलच्या आगाऊ रकमेत गेले.

डोंगरावरही या काळात बरेच झाले, आणि सगळे वाईट नाही. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. भिलार २०१७ मध्ये पुस्तकांचे गाव झाले, मांघर २०२२ मध्ये मधाचे. घराघरांत पुस्तके ठेवून पाहुण्याला आत बोलावणारे भिलार मला त्या पडवीची आठवण देते. पण त्याच डोंगराला केंद्र सरकारने २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केले आहे, हे नाताळच्या आठवड्यात तिथे उभे राहून कुणाला खरे वाटेल? कोयनेच्या अंगाला 'नवीन महाबळेश्वर' वसवण्याचे आराखडे होत आहेत. जुन्याची ही अवस्था असताना नवे मागणाऱ्यांनी एक दिवस पसरणीत अडकून बघावे, आणि त्या दिवशी एखाद्या वाडीतल्या बाळंतिणीला खाली वाईला न्यायचे असेल तर काय होते तेही बघावे.

माथेरानने दस्तुरी नाक्यावर खासगी गाड्या थांबवल्या आहेत आणि तरीही तिथे माणसे जातात, चालतात, राहतात. नाताळ ते एक जानेवारी एवढ्या आठवड्यापुरते हे वाईला आणि मेढ्याला का होऊ नये? खाली वाहनतळ करावा, पसरणी आणि केळघर या दोन्ही घाटांतून एसटी सोडावी, स्थानिकांच्या आणि रुग्णांच्या गाड्यांना वाट मोकळी ठेवावी. आणि आमच्या अकलूज, पंढरपूर, माळशिरसकडच्या शाळांनी लाल गाडी पुन्हा करारावर घ्यावी, मुलींसकट. हंगाम संपेपर्यंत कोप्यांतून राहणारी मुलेही त्या गाडीत बसतील एवढी वर्गणी श्रीपुरातून बाहेर पडलेल्या आम्हा सगळ्यांना सहज झेपते. मी माझ्या जुन्या वर्गातल्या मैत्रिणींना तसे कळवले आहे, आणि पैसे जमू लागले आहेत.