पंचांची वाटचाल – लेखांक ४ : पिअरलुइजी कोलिना

पिअरलुइजी कोलिना यांचा जन्म १३ फेब्रुवारी १९६० रोजी इटलीतील बोलोन्या शहरात झाला. १९७७ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांनी तिथल्या पंच-प्रशिक्षण वर्गात नाव घातले. १९८४ मध्ये बोलोन्या विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी घेऊन ते पुढे वित्तीय सल्लागार झाले. नोकरी-व्यवसाय सांभाळत छोट्या गावांच्या मैदानांवर सामने चालवायचे, हीच त्या काळी बहुतेक पंचांची सुरुवात असे.

तिथून वरच्या श्रेणीत जाण्याची वाट लांब असते. प्रत्येक पातळीवर निरीक्षक पंचाचे काम पाहून गुण देतात आणि त्यावर पुढची बढती ठरते. कोलिना यांना इटलीच्या सर्वोच्च साखळीत, ‘सेरी आ’मध्ये, संधी मिळाली ती १९९१-९२च्या हंगामात, म्हणजे सुमारे चौदा वर्षांनी. १९९५ मध्ये त्यांचे नाव फिफाच्या आंतरराष्ट्रीय पंचांच्या यादीत आले. या यादीसाठी प्रत्येक देशाची फुटबॉल संघटना नावे सुचवते. यादी दरवर्षी नव्याने निघते, त्यामुळे छातीवरचा फिफाचा बिल्ला दरवर्षी पुन्हा कमवावा लागतो.

कोलिना यांचे वेगळेपण त्यांच्या पूर्वतयारीत होते. सामन्याआधी ते दोन्ही संघांची खेळण्याची पद्धत अभ्यासत. निर्णय अचूक येण्यासाठी पंच योग्य कोनात आणि पुरेसा जवळ असावा लागतो. चेंडू कोणत्या बाजूने पुढे सरकेल, याचा अंदाज असलेला पंच तिथे आधीच पोहोचतो. त्यांच्या निर्णयांना खेळाडूंकडून जो मान मिळे, त्याचा पाया या अभ्यासात होता.

१९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमधील नायजेरिया-अर्जेंटिना अंतिम सामना त्यांनी चालवला. २६ मे १९९९ रोजी बार्सिलोनात चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना झाला. नव्वद मिनिटांपर्यंत पिछाडीवर असलेल्या मँचेस्टर युनायटेडने भरपाई वेळेत दोन गोल करून बायर्न म्युनिकला हरवले. दुसऱ्या गोलनंतर बायर्नचे खेळाडू मैदानावर कोसळले होते. त्यांना उठवून उरलेला खेळ सुरू करण्याचे काम कोलिना यांनाच करावे लागले.

१४ मे २००० रोजी पेरुजा-युव्हेंटस सामन्यात मध्यंतराला मुसळधार पावसाने मैदान पाण्याखाली गेले. ‘सेरी आ’चे विजेतेपद या निकालावर अवलंबून होते. कोलिना तासाहून अधिक वेळ थांबले, मैदानाची पाहणी करत राहिले आणि मग खेळ पुढे सुरू केला. पेरुजा १-० ने जिंकला आणि विजेतेपद लाझिओकडे गेले.

कारकिर्दीचा कळस ३० जून २००२ रोजी योकोहामात आला. ब्राझील-जर्मनी विश्वचषक अंतिम सामना त्यांच्याकडे सोपवला गेला आणि ब्राझीलने तो २-० ने जिंकला. पंच खेळणाऱ्या दोन्ही देशांचा नसावा, हा आंतरराष्ट्रीय सामन्यांचा दंडक आहे. इटली त्या स्पर्धेतून दक्षिण कोरियाकडून आधीच बाद झाली होती. पंचाला मिळणारा सर्वात मोठा सामना असा स्वतःच्या देशाच्या पराभवावरही अवलंबून असू शकतो.

त्या काळी आंतरराष्ट्रीय पंचांसाठी ४५ वर्षांची वयोमर्यादा होती. २००५ मध्ये कोलिना तिथे पोहोचले. त्यांच्यासाठी इटलीतील मर्यादा एका वर्षाने वाढवण्यात आली, पण एका जाहिरात करारातून हितसंबंधांचा वाद उभा राहिला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी राजीनामा दिला.

शिट्टी थांबली तरी काम थांबले नाही. २०१० मध्ये ते युएफाचे पंचप्रमुख झाले आणि २०१७ मध्ये फिफाच्या पंच समितीचे अध्यक्ष. व्हिडिओ सहायक पंच अर्थात ‘व्हीएआर’चा विश्वचषकात पहिला वापर २०१८ मध्ये रशियात त्यांच्याच कार्यकाळात झाला. २०२२ मध्ये कतारमध्ये वाया गेलेला वेळ काटेकोरपणे मोजून भरपाई वेळ वाढवण्याच्या धोरणामागेही तेच होते. तीन दशकांच्या मैदानावरील अनुभवाचा उपयोग अशा रीतीने पुढच्या पिढीच्या पंचांसाठीचे निकष घडवण्यात झाला.