जुन्या लॅपटॉपची नवी कार्यप्रणाली आणि मराठी संहितांचे जतन

संगणकाची कार्यप्रणाली बदलणे हे वरकरणी तंत्रज्ञाचे काम वाटते. परंतु ज्या अभ्यासकाच्या जुन्या लॅपटॉपवर अनेक वर्षांची मराठी टिपणे, बोलींचे नमुने व शब्दसूची साठलेल्या असतात, त्याच्या दृष्टीने तो पाठरक्षणाचा प्रश्न ठरतो. ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि हा प्रश्न अनेकांपुढे एकाच वेळी उभा राहिला. प्रस्तुत लेखात यंत्राचा विचार संक्षेपाने व संहितेचा विस्ताराने करण्याचे योजिले आहे.

यंत्रापुरते सांगावयाचे तर, २०२१ मध्ये आलेल्या ‘विंडोज ११’ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते. इंटेलचे प्रोसेसर सामान्यतः आठव्या पिढीपासून पुढचेच तिच्या अधिकृत यादीत बसतात. त्याहून जुन्या यंत्रासाठी उबुंटू किंवा लिनक्स मिंट यांसारखा पर्याय उरतो. त्याची परीक्षा पेन ड्राइव्हवरून, मूळ डिस्कला हात न लावता घेता येते. ध्वनिविश्लेषणाचे ‘प्रात’ आणि भाष्यांकनाचे ‘ईलान’ ही साधने लिनक्सवरही चालत असल्याने भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याची त्यात फारशी गैरसोय होत नाही.

खरी अडचण निराळी आहे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी मजकूर बहुधा श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या साधनांच्या तत्कालीन फॉन्टांत टंकलिखित होत असे. या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या व इतर चिन्हांच्या संकेतस्थानी देवनागरीची रूपे बसविलेली असत. म्हणजे पडद्यावर मराठी दिसत असली, तरी फाइलीत साठविलेले संकेत रोमन अक्षरांचेच होते. डिस्क पुसून नवी कार्यप्रणाली बसविली आणि तो फॉन्ट पुन्हा घातला नाही, की ती फाइल निरर्थक चिन्हांची ओळ होऊन बसते. शिवाय ‘विंडोज ११’ केवळ ६४-बिट रूपात उपलब्ध असून १६-बिट प्रोग्राम तीत चालत नाहीत. त्यामुळे फार जुना शब्दलेखक असेल तर फाइल उघडण्याचे साधनच नाहीसे होते.

अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे हा यावरील उपाय होय. मात्र ते केवळ चिन्हास चिन्ह बदलण्याचे काम नव्हे. जुन्या फॉन्टांत अक्षरे सामान्यतः दृश्यक्रमाने साठविली जात, तर युनिकोडमध्ये ती उच्चारक्रमाने साठविली जातात. ‘निर्मिती’ हा शब्द पाहावा. डोळ्यांना प्रथम ऱ्हस्व वेलांटी दिसते, मग ‘न’. रफार तर ‘म’च्या माथ्यावर दिसतो. युनिकोडमध्ये मात्र न, ऱ्हस्व वेलांटी, र, हलन्तचिन्ह, म, ऱ्हस्व वेलांटी, त, दीर्घ वेलांटी असे आठ संकेत या क्रमाने येतात. रूपांतरकाला वेलांटी मागे आणि रफार पुढे न्यावा लागतो. जोडाक्षर आले की हे काम अधिक बिकट होते. म्हणून वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे ही तपासणीची पहिली स्थळे समजावीत.

याहून सूक्ष्म धोका अर्थभेदाचा आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या रूपांतील भेद मराठीत सार्थ आहे: एकीकडे गुरू, दुसरीकडे स्वयंपाकी. या दुसऱ्या रूपातील ‘र’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर व हलन्तचिन्ह येते. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्तचिन्ह आणि एक अदृश्य जोडचिन्ह. एखाद्या प्रक्रियेत ते अदृश्य चिन्ह गळाले की स्वयंपाक्याचा गुरू होतो, आणि शब्द शुद्धच दिसत असल्याने शुद्धलेखन-तपासणीलाही चूक सापडत नाही. तीच गत ‘ॲ’ची. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आले. तत्पूर्वीच्या मजकुरात ‘अ’वर चंद्र देऊन ते लिहिलेले आढळते. एका लेखनाने शोध घेतला तर दुसऱ्या लेखनाचे शब्द गणनेतून निसटतात. शब्दवारंवारतेवर निष्कर्ष उभारणाऱ्याने ही गोष्ट उपेक्षिता कामा नये.

तेव्हा कामाचा क्रम असा असावा. जुनी कार्यप्रणाली चालू आहे तोवर सर्व फाइली व त्यांचे फॉन्ट दोन स्वतंत्र ठिकाणी उतरवून घ्यावेत. त्याच यंत्रावर प्रत्येक महत्त्वाच्या फाइलीची, फॉन्ट अंतर्भूत असलेली पीडीएफ प्रत काढावी. मूळ लेखन डोळ्यांना कसे दिसत होते याची ती साक्ष राहते. त्यानंतर रूपांतर करावे, ‘ऱ’ व ‘ॲ’ यांचे लेखन एकाच पद्धतीचे करून घ्यावे, आणि नवी प्रत पीडीएफशी ताडून पाहावी. एवढे झाल्यावरच डिस्क पुसण्यास हरकत नाही. रूपांतर झाले तरी मूळ फाइल टाकून देऊ नये.

हस्तलिखिताची नक्कल करताना लेखनिकाच्या हातून काय घडते, याची चर्चा आपण पाठचिकित्सेत करतो. रूपांतरकही एक लेखनिकच आहे. तो थकत नाही हे खरे. पण तो जी चूक करतो ती प्रत्येक पानावर सारख्याच निष्ठेने करतो.