बैठक जमली!

गेल्या वर्षीची गणेशचतुर्थी. आजी स्वयंपाकघरात खाली पाटावर बसली आणि तिने एकवीस मोदक वळले. नंतर मात्र तिला उठताच येईना. मी हात दिला, ओढलं, काखेत धरून उचलून बघितलं. छे! शेवटी शेजारच्या काकांना हाक मारावी लागली. ‘गुडघ्यांनी संप केलाय’ म्हणून आजी हसली खरी, पण दिवसभर गप्प होती. आणि मी? वय वर्षं 28, पन्नास किलोची आजी उचलता येत नाही!

खरं सांगायचं तर जिमची वर्षाची फी मी आधीच भरून ठेवली होती. कारण? अर्थातच कपाटातली जुनी जीन्स! चार दिवस गेले, मग डेडलाइनचं हक्काचं निमित्त होतंच. या वेळी मात्र ट्रेनरला म्हटलं, ‘मला माणूस उचलायचाय.’ ती हसली नाही. म्हणाली, ‘चला, स्क्वॉट्स.’ म्हणजे काय, तर दंड-बैठकांमधली आपली बैठकच की!

21 दिवसांत सवय लागते म्हणतात ना? विसरा, मंडळी! लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने 96 जणांवर केलेला एक अभ्यास 2010 मध्ये छापून आला. त्यात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागतात असं दिसलं. माणसागणिक हा आकडा 18 पासून 254 पर्यंत गेला. एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही, हेही त्यातच कळलं. माझ्यासारखीला केवढा दिलासा!

बदल गुपचूप झाले. साडेदहाचं जेवण साडेआठवर आलं. चहाबरोबरची खारी सुटली, डब्यात मटकीची उसळ आली. दादरच्या पुलावर सरकत्या जिन्याची रांग बघून मी साधा जिना चढायला लागले. शुक्रवारच्या पार्टीतून अकराला निघायला लागले, तर ग्रुपने नाव ठेवलं ‘आजीबाई’. पहिल्यांदा लागलं, मग आवडलं.

वजनाचा काटा मात्र दोन महिने ढिम्म! कुरकुर केली तेव्हा ट्रेनरने समजावलं, ‘सुरुवातीची ताकद बरीचशी मेंदू, नसा आणि स्नायूंचं गणित जुळल्यामुळे येते. काट्याला ते कसं दिसणार?’ त्यानंतर मी किलो मोजायचे सोडले आणि बैठका मोजायला लागले.

मग एक दिवस तिनेच विचारलं, ‘आजीला उचलायचं कशाला? तिला उठायला शिकव ना!’ माझी ट्यूबच पेटली. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात, की पासष्टीपुढच्यांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम करावेत. आजी मला फक्त सांभाळायची वाटत होती. तिच्याकडून काही अपेक्षा ठेवावी, हे डोक्यातच आलं नव्हतं.

आधी डॉक्टरांना विचारलं. मग संध्याकाळच्या मालिकेआधी खुर्चीवरून उठायचं-बसायचं, पुढ्यात टेबलाचा आधार. ‘या वयात कसली थेरं गं?’ पहिल्या दिवशी तीनदा. दिवाळीपर्यंत आठ. पाडव्याला ती स्वतः दोन जिने उतरून कोपऱ्यावरच्या देवळात गेली आणि आल्यावर मलाच म्हणाली, ‘उद्या भाजी मी आणते.’

यंदाची चतुर्थी. पुन्हा पाट, पुन्हा एकवीस मोदक. शेवटचा मोदक ठेवला तशी मी मागे जाऊन पाय रोवून उभी राहिले. वर्षभराची तयारी होती ना!

‘सरक जरा,’ आजी म्हणाली. तिने शेजारच्या स्टुलावर हात टेकले, पाय जवळ घेतले, सावकाश जोर केला आणि उभी राहिली. माझे हात तसेच हवेत.

‘बघतेस काय? मोदकपात्र उचल. जड आहे ते.’