घरामागचा तरणतलाव : आधी हिशेब, मग खोदाई

अलिबाग, लोणावळ्याच्या बाजूला बंगल्यामागे खाजगी तरणतलाव ही आता नवलाई राहिलेली नाही. आपल्या गवंडी, फरशीवाले आणि नळकाम करणाऱ्या कारागिरांना त्यात चांगले काम आहे. पण कापडाप्रमाणे इथेही माप चुकले की सारे थान वाया!

८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल तलाव धरा. त्यात ४० हजार लिटर पाणी मावते. म्हणजे १० हजार लिटरचे ४ टँकर आणि ४० टन वजन. सारे पाणी ६ तासांत गाळायचे तर पंप ताशी सुमारे ७ हजार लिटरचा हवा. उन्हाने रोज अर्धा सेंटीमीटर पाणी उडाले तरी १६० लिटर भरावे लागते. हे पाणी कोठून येणार, ते गिऱ्हाइकाला पहिल्याच बैठकीत विचारा.

मोठा धोका रिकाम्या तलावाचा. पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर आले की रिकामी टाकी होडीसारखी उचलली जाते, तडे जातात. म्हणून तळाशी दाब सोडणारी झडप बसवावी आणि पावसाळ्यात तलाव भरलेला ठेवावा. फरशी लावण्यापूर्वी टाकी भरून गळती तपासावी. नंतर सापडलेली गळती सारी मजुरी खाऊन टाकते.

पक्के अर्थिंग, १२ व्होल्टचे दिवे आणि लहान मुलांसाठी कुंपण यांत काटकसर नको.

खडक लागल्यास जादा दर, गळतीची जबाबदारी आणि पैशाचे हप्ते करारनाम्यात लिहून घ्या. तोंडी सौद्यात पैसाही जातो आणि दोस्तीही.