शिंजीर ओळखायचा तो मादीच्या गळ्यावरून

माघ-फाल्गुनात पळस-पांगारा फुलला, की येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यापासून धाराशिवच्या परसातल्या जास्वंदीपर्यंत बोटभर लांबीचा, बाकदार चोचीचा एक पक्षी मध पिताना दिसतो. पुष्कळजण त्याला हमिंगबर्ड समजतात, पण हमिंगबर्ड अमेरिका खंडांबाहेर आढळत नाहीत. हनीईटर म्हणावे तर ते कूळ ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडचे. आपल्याकडचा हा शिंजीर, म्हणजेच सूर्यपक्षी. त्याला नेमके ओळखायचे तर नराच्या झगमगाटापेक्षा घरट्यावर आणि मादीवर जास्त विसंबावे, असे माझे मत आहे. जांभळ्या शिंजीराचा नर विणीच्या काळात निळा-काळा चमकतो. वीण सरली की पिसे झडून वरून तपकिरी, खालून पिवळा होतो आणि गळ्यापासून पोटाकडे एक गडद पट्टा तेवढा उरतो. एकाच पक्ष्याला दोन नावे पडतात ती यामुळे.

घरटे मात्र एकट्या मादीचे काम. कोळ्याच्या जाळ्याने गवत, सालीचे तुकडे, वाळकी पाने चिकटवून ती लोंबती पिशवी करते. बाजूला दार, दारावर छोटा छज्जा. बाहेरून ते जळमटात अडकलेला कचराच वाटते, म्हणून ओसरीतल्या तारेवरची घरटी केरसुणीने निघून जातात. हा गबाळेपणा मोठ्या कामाचा आहे: भक्षकाची नजर चुकते, आणि जाळे ताणले जात असल्याने पिल्ले वाढतील तशी पिशवीही सैल होते. लोंबती पिशवी फुलटोचा पक्षीही करतो, हा आक्षेप खरा आहे. पण त्याची पिशवी मऊ, नमद्यासारखी एकसंध असते, शिंजीराच्या घरट्याखाली लोंबते तशी कचऱ्याची शेपटी तिला नसते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: जांभळ्या पाठीच्या शिंजीराचे घरटेही असेच असते, मग जात कशी ठरवायची? इथे मादीच उपयोगी पडते. जांभळ्या शिंजीराची मादी गळ्यापासूनच पिवळसर, तर जांभळ्या पाठीच्या मादीचा गळा राखट पांढरा आणि पिवळेपणा त्याखाली. बहुधा दोन अंडी असतात, ती मुख्यतः मादी उबवते, साधारण दोन आठवडे; त्या काळात ती दारातून डोके बाहेर काढून बसलेली असते, तेव्हा घरट्याला हात न लावता, लांबूनच गळा पाहता येतो. पुढे पिल्लांसाठी किडे-कोळी आणायला नरही येऊ लागतो, आणि बांधलेला अंदाज तेव्हा त्याच्या रंगावरून पडताळता येतो.