पीटचं जंगल आणि गावाचे बांध
इंडोनेशियातल्या मध्य कालिमंतानमध्ये जंगलाखाली अर्धवट कुजलेल्या पालापाचोळ्याचा कित्येक मीटर जाड थर आहे. हेच पीट. ते ओलं असेतो हजारो वर्षांचा कार्बन जमिनीतच राहतो. १९९६ मध्ये सरकारने इथे सुमारे १० लाख हेक्टरांवर भातशेतीचा घाट घातला, हजारो किलोमीटर कालवे खणले. पाणी निघून गेलं आणि १९९७ च्या दुष्काळात जमीनच पेटली. ही आग आतून धुमसते, वरून पाणी मारून भागत नाही. म्हणून पीट ओलंच राहावं यासाठी गावकरी लाकडी खांब ठोकून, मधे मातीची पोती रचून कालवे अडवतात. जेलुतुंगची झाडं लावतात, ज्यांचा चीक झाड न तोडता विकता येतो. पण कालवा म्हणजे होड्यांची वाटही असते. गावाला न विचारता घातलेला बांध टिकत नाही.