कपाटामागची काळी नक्षी

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईतल्या कितीतरी घरांत एकच वास असतो: कोंदट, ओलसर. चामड्याच्या पट्ट्यावर पांढुरका थर चढलेला, कपाटामागच्या भिंतीवर काळे ठिपके उमटलेले. बुरशीचे बीजाणू हवेत बारा महिने असतातच. त्यांना हवी असते ती ओल. आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की त्यांचं फावतं, आणि किनारपट्टीवर पावसाळ्यात ती सहज 80 च्या पुढे असते.

महाबळेश्वरला पूर्वापार पावसाआधी घरांच्या भिंती गवताने झाकतात. यात मोठं शहाणपण आहे, कारण पाणी भिंतीत मुरू न देणं हाच खरा उपाय.

फ्लॅटमध्ये त्याची सुरुवात गळका पाइप दुरुस्त करण्यापासून होते. भिजलेली गादी किंवा गालिचा 24 ते 48 तासांत वाळवावा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढावं. घरात कपडे वाळत घातले, तर पंखा चालू आणि एक खिडकी उघडी हवीच.

फरशी, टाइल्सवरची बुरशी मास्क आणि हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने घासावी, मग जागा कोरडी करावी. ब्लीच वापरलंच, तर त्यात व्हिनेगर किंवा अमोनिया कधीही मिसळू नये. विषारी वायू तयार होतो. बुरशीवरूनच रंग मारण्याचा मोह मात्र आवरावा. आतली ओल तशीच राहते आणि पोपडे सुटतात.